वीरगळांचं वार्तापत्र: वाचक गप्प राहतात ते या चुकांमुळे

वीरगळ (लढताना पडलेल्या वीराच्या आठवणीचा कोरीव दगड), गधेगाळ (दान मोडणाऱ्याला शाप कोरलेला दगड), सतीशिळा (सती गेलेल्या बाईच्या आठवणीचा दगड) यांवर ईमेलने वार्तापत्र काढणाऱ्यांची तक्रार बहुधा एकच असते: लोक वाचतात, पण कुणी उलट लिहीत नाही. विषय छोटा म्हणून असं होतं, हे मला पटत नाही. कितीतरी गावांत मारुतीच्या पाराशी नाहीतर महादेवाच्या देवळामागे असा एखादा दगड असतोच. वाचकाला तो बघायला धाडत नाही, ही पहिली चूक.

अंकाच्या शेवटी ‘कसा वाटला, नक्की कळवा’ लिहिलं की वाचक फार तर ‘छान’ म्हणणार. नेमकं विचारा. वीरगळ खालून वर वाचतात: तळाशी लढाई आणि वीराचं मरण, त्यावर अप्सरा त्याला स्वर्गात नेताना, वर शिवलिंगाची पूजा, माथ्याकडे चंद्रसूर्य. एवढं सांगितलं की प्रश्न टाका: ‘तुमच्याकडच्या वीरगळावर तळाशी गाई आहेत का?’ असतील तर वीर बहुधा गुरं सोडवताना पडला. उत्तर हो-नाहीत देता येतं, आणि फोटो आपसूक येतो. बोरिवलीजवळच्या एकसरच्या वीरगळांवर जहाजांची लढाई कोरलेली आहे. तो अंक काढाल तेव्हा कोकणातल्या वाचकांना गलबतं शोधायला सांगा.

फोटो कसा काढायचा हे त्याच अंकात हवं. भर दुपारचा फोटो सपाट येतो. सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन पडलं की झिजलेली अक्षरंही उठतात. शेजारी मापासाठी पट्टी ठेवायला सांगा. पीठ किंवा खडू फासू नका, शेंदूर खरवडू नका, हे ठळक अक्षरांत.

भांडण लावून पत्रं मिळवणं हा सोपा मोह. ‘मराठीतला पहिला शिलालेख कोणता?’ असं शीर्षक दिलं की श्रवणबेळगोळ, अक्षी आणि हत्तरसंग-कुडल इथल्या लेखांपैकी आपलाच पहिला म्हणणारे एकमेकांवर तुटून पडतात. दोन दिवस मजा येते, मग शांतपणे वाचणारे निघून जातात. हा विषय घ्यायचाच, तर अक्षीच्या गधेगाळावरचा शक ९३४ (इ.स. १०१२) अभ्यासक शं. गो. तुळपुळ्यांनी कसा वाचला आणि त्या वाचनावर मतभेद का आहेत, ते अक्षरांच्या फोटोसह दाखवा.

एखादा लिहितो, ‘आमचा दगड महाराजांच्या मावळ्याचा आहे.’ घडण मात्र यादवकाळाकडे बोट दाखवते. त्याला चारचौघांत खोडून काढलंत, तर ते गाव पुन्हा लिहिणार नाही, नुसतं ‘वा!’ म्हणालात, तर जाणकार जातील. गावची आठवण ‘गावात असं सांगतात’ म्हणून छापा आणि घडणीवरून दिसणारा काळ खाली वेगळा द्या. अर्थात, त्याआधी आलेल्या पत्राला उत्तर गेलेलं हवं. ‘या पत्त्यावर उत्तर देऊ नका’ अशा पत्त्यावरून अंक पाठवणाऱ्यांनी तर तक्रारच करू नये.

थोडं तांत्रिक. अंक किती जणांनी ‘उघडला’ या आकड्यावर विसंबू नका. २०२१पासून अ‍ॅपलचं मेल ॲप वाचकाने न उघडताही चित्रं आधीच उतरवून ठेवू शकतं, आणि आकडा फुगतो. आलेली उत्तरं मोजा. मजकुराचा कोड १०२ केबीच्या वर गेला की जीमेल अंक मध्येच कापतं, आणि तळाचा प्रश्न कुणाला दिसतच नाही. म्हणून प्रश्न वरती घ्या.

आणि वाचकाने पाठवलेलं नेमकं ठिकाण नकाशासकट छापू नका. असे दगड चोरीला जातात, गुप्तधनवाले त्यांच्या बुडाशी खणतात. तालुक्यापर्यंत सांगा, पाठवणाऱ्याचं नाव मात्र त्याला विचारून जरूर द्या.