बागेचं पाणी तारखेवर नको, मोजून द्या

‘दिवसाआड दोन तास’ हे ठिबकचं वेळापत्रक ऋतू वेळेवर यायचे तोवर ठीक होतं. आता एकाच पंधरवड्यात अंग भाजणारं ऊन आणि धो धो पाऊस दोन्ही येतात, आणि त्याच वेळापत्रकाने बाग एकदा तहानलेली राहते तर एकदा बुडते. बाग बदलत्या हवामानाला जुळवून घ्यायला करण्यासारखं बरंच आहे, पण सुरुवात पाण्याच्या हिशेबापासून करा. तो चुकला की बाकीचा खर्च वाया.

सूर्य डोक्यावर असताना झाडाच्या सावलीचा व्यास मोजा. ३ मीटर भरला तर सावलीचं क्षेत्र साधारण ७ चौरस मीटर. एका चौरस मीटरवर १ मिमी पाणी म्हणजे १ लिटर. हवामान केंद्राकडून त्या दिवसाचं बाष्पीभवन घ्या. समजा ८ मिमी आहे. हा आकडा उघड्या पात्रातून उडालेल्या पाण्याचा असतो, म्हणून त्याला पात्राचा गुणांक ०.७ धरा. फळं पोसत असलेल्या, पूर्ण पालवीच्या झाडाचा पीक गुणांक, म्हणजे त्या अवस्थेतली पाण्याची गरज दाखवणारा आकडा, साधारण ०.८ असतो, फळपीक आणि वाढीची अवस्था बदलली की तोही बदलतो. आता ८ × ०.७ × ०.८ × ७ = ३१ लिटर. ठिबकची कार्यक्षमता ९० टक्के धरली की झाडाला ३५ लिटर द्यायचे. ताशी ४ लिटर पाणी थेंबाथेंबाने सोडणाऱ्या ४ तोट्या, म्हणजे ड्रिपर, असतील तर संच सव्वादोन तास चालवा. ढगाळ दिवशी बाष्पीभवन ३ मिमीवर आलं तर त्याच झाडाला १३ लिटर, म्हणजे जेमतेम ५० मिनिटं पुरतात. जुन्या वेळापत्रकाने त्या दिवशीही दोन तास पाणी गेलं असतं.

पण ड्रिपर खरंच ४ लिटर देतो का? खाली वाटी ठेवा आणि ३ मिनिटं थांबा. २०० मिली जमायला हवं. लॅटरलच्या, म्हणजे ड्रिपर बसवलेल्या बारीक नळीच्या, सुरुवातीला, मध्ये आणि शेवटाला असं तीन ठिकाणी बघा. शेवटच्या वाटीत १८० मिलीपेक्षा कमी आलं तर आधी फिल्टर धुवा, मग लॅटरलची टोकं उघडून स्वच्छ पाणी येईपर्यंत वाहू द्या. तरीही फरक पडला नाही तर दाब कमी पडतोय किंवा क्षार बसलेत. क्षारांसाठी आम्ल सोडताना आम्ल पाण्यात ओता, पाणी आम्लात कधीच नाही. क्लोरीनची प्रक्रिया वेगळ्या दिवशी करा. दोन्ही एकत्र आली की विषारी वायू सुटतो.

आकड्यांवरही डोळे झाकून विसंबू नका. ड्रिपरपासून वीतभर अंतरावर फूटभर खोल खणून मूठभर माती दाबा. गोळा झाला आणि बोटाने टिचकी मारताच फुटला तर वाफसा, म्हणजे ओल आणि हवा दोन्ही नेमकी, आहे. बोटांना चिकटून चमकली तर पाणी बंद. गोळाच होत नसेल तर उशीर झालाय. वरची माती बघून पाणी देणं ही सर्वांत महाग पडणारी सवय. वर भेगा असतात आणि फूटभर खाली चिखल.

झाड दुपारी मलूल होऊन संध्याकाळी सावरत असेल तर ते उन्हामुळे आहे, घाबरू नका. सकाळीही मलूल दिसलं तर मात्र खणून मूळ बघा. पांढरी, कडक मुळी असेल आणि माती कोरडी असेल तर पाणी कमी पडतंय. मुळी तपकिरी असून चिमटीत धरून ओढल्यावर साल सुटून हातात येत असेल तर मुळं कुजलीत, आणि अशा झाडाला पाणी देणं म्हणजे त्याला मारणंच. वरून दोन्ही झाडं सारखीच दिसतात.

आच्छादनासाठी वाळलेलं गवत, पालापाचोळा, काडीकचरा काहीही चालतं. जाडी ३ ते ४ इंच ठेवा, खोडाभोवती ६ इंच जागा मोकळी सोडा, नाहीतर साल कुजते. माती ओली झाल्यावरच ते पसरा. कोरड्या जमिनीवर घातलं तर हलक्या सरी आच्छादनच पिऊन टाकतं. ताजा भुसा मातीत मिसळू नका. तो कुजताना मातीतला नत्र ओढून घेतो आणि पानं पिवळी पडतात. आच्छादनाखाली उंदरांनी कुरतडलेली लॅटरल दिसत नाही, म्हणून आठवड्याला एकदा ते उचलून बघा.

अतिवृष्टीनंतर दोन ओळींच्या मध्ये फूटभर खड्डा घ्या. २४ तासांनीही त्यात पाणी उभं असेल तर मुळांना हवा मिळत नाही. दोन ते अडीच फूट खोल चर काढा, दर १०० मीटरला ३० सेंमी उतार द्या, आणि चराचं तोंड कुठे सुटतं ते आधी ठरवा. बिनतोंडाचा चर म्हणजे लांबट डबकं. नवी लागवड एक-दीड फूट उंच गादीवाफ्यावरच करा आणि कलमाचा जोड मातीच्या वर ठेवा. वाफसा येईपर्यंत बागेत ट्रॅक्टर घालू नका. ओल्यात बसलेला थर वर्षानुवर्षं सुटत नाही.

बुरशीपासून बचावासाठी खोडांना बोर्डो पेस्ट लावून घ्या: १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी. दोन्ही प्लास्टिकच्या वेगवेगळ्या भांड्यांत भिजवा, मोरचूद हळूहळू चुन्यात ओता. पेस्टमध्ये स्वच्छ लोखंडी सुरी मिनिटभर बुडवा. पात्यावर तांबूस थर चढला तर मिश्रण आम्लधर्मी आहे, आणखी चुना घाला. तसंच लावलं तर साल भाजते.

उन्हात फळाची साल हवेपेक्षा १० अंशांहूनही जास्त तापू शकते. म्हणून पश्चिमेकडच्या फांद्या उन्हाळ्याआधी जोरात छाटू नका. केओलिन, म्हणजे ऊन परतवणारी पांढऱ्या मातीची पूड, १०० लिटर पाण्यात ५ किलो घ्या, फळांवर डाग पडण्याआधी फवारा, टाकी सतत ढवळत राहा. नाहीतर गाळ बसून नोझल तुंबते. जोरदार पावसानंतर फवारणी पुन्हा करावी लागते.

शेततळ्याचा हिशेब बरेच जण अर्धवट करतात. वर २० × २० मीटर, ३ मीटर खोल आणि १:१ उताराच्या तळ्यात पावणेनऊ लाख लिटर मावतं. पण ४०० चौरस मीटर पृष्ठभागावरून रोज ६ मिमी उडालं तरी २,४०० लिटर जातं, शंभर दिवसांत २ लाख ४० हजार. भरलेल्या पाण्याचा चौथा हिस्साच तो, तळ्याला अस्तर असलं तरी. जमीन साथ देत असेल तर रुंदीपेक्षा खोली वाढवा.

नवं वाण घ्यायचं तर एकदम सगळ्या क्षेत्रावर नको, दहाव्या हिश्श्यात लावून दोन-तीन हंगाम बघा. सफरचंदासारख्या थंडीच्या फळझाडांना ७ अंशांखालचे ठरावीक तास लागतात. हिवाळा उबदार होत चालला असेल तर कमी थंडीचं वाण शोधा. परागीकरणासाठी दुसरं वाण लागत असेल तर दोघांचा फुलोरा तुमच्याकडच्या आताच्या हवेत एकाच वेळी येतो का, ते आधी बघा. उबदार हिवाळ्यात या तारखा फाकतात, आणि झाड फुलांनी लगडूनही फळ धरत नाही.