डीएनएची दुरुस्ती समजून घेताना या चुका टाळा

बीएस्सीच्या वह्या तपासताना एक वाक्य हमखास भेटतं: ‘अतिनील किरणांमुळे म्युटेशन होते.’ मी दरवर्षी तिथे लाल रेघ मारते, कारण पुढचा सगळा गोंधळ इथूनच सुरू होतो. किरणांनी होते ती इजा. डीएनएच्या दोन साखळ्यांपैकी एकाच साखळीतले शेजारशेजारचे दोन थायमिन (डीएनएच्या चार अक्षरांपैकी एक) एकमेकांना चिकटतात आणि साखळी तिथे वाकडी होते. हा वाकडेपणा पेशीतल्या प्रथिनांना जाणवतो. ती दोन्ही बाजूंना काप घेऊन सुमारे ३० न्यूक्लिओटाइडचा, म्हणजे ३० अक्षरांचा, तुकडा काढून टाकतात, समोरच्या शाबूत साखळीवरून तो भाग पुन्हा भरला जातो आणि लायगेज नावाचं प्रथिन शेवटचा सांधा जुळवतं. मात्र दुरुस्तीआधीच डीएनएची प्रत निघाली, समोर चुकीचं अक्षर बसलं आणि पुढच्या प्रतीत त्याला जोडीदारही मिळाला, तर ते म्युटेशन, म्हणजे कायमचा बदल. आता दोन्ही साखळ्या एकमेकींशी तंतोतंत जुळतात. दुरुस्तीच्या प्रथिनांना खटकावं असं काही उरतच नाही.

झेरोडर्मा पिग्मेंटोझम या आनुवंशिक आजारात नेमकी ही काप घेण्याची यंत्रणा जन्मापासून बिघडलेली असते, हे जेम्स क्लीव्हर यांनी १९६८ मध्ये दाखवलं. अशा मुलांना कोवळ्या वयातच त्वचेचा कर्करोग होऊ शकतो. ऊन सगळ्यांवर सारखंच पडतं; फरक दुरुस्तीत असतो.

सगळं खापर उन्हावर, तंबाखूवर फोडणंही चूक. (तंबाखू सोडायलाच हवी, ते वेगळं.) पेशीतल्या पाण्यामुळे आणि शरीराच्या उष्णतेमुळे प्रत्येक पेशीत रोज हजारो प्युरिन (डीएनएची ए आणि जी ही अक्षरं) आपोआप गळतात. डीएनए असा मुळातच नाजूक असतो, हे दाखवणाऱ्या टोमास लिंडाल यांना २०१५ चं रसायनशास्त्राचं नोबेल पॉल मॉड्रिक आणि अझीझ सँकार यांच्यासोबत मिळालं.

सगळ्यात महागात पडणारी चूक घराघरांत होते. स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कर्करोगाशी ज्याचं नाव जोडलं जातं, त्या जीनबद्दल ‘तिच्यात बीआरसीए जीन निघाला’ असं म्हणतात. अहो, तो सगळ्यांतच असतो! दोन्ही साखळ्या तुटल्या की शाबूत प्रतीवरून त्या बिनचूक सांधायला तो मदत करतो. वारशाने येते ती त्याची बिघडलेली प्रत. एखाद्या पेशीत उरलेली चांगली प्रतही गेली, की तिथे तुटलेली टोकं कशीबशी जोडली जातात आणि बिघाड साठत जातो. ही प्रत वडिलांकडूनही येते, मुलाला असो वा मुलीला, शक्यता निम्मी. म्हणून डॉक्टरांनी घरातल्या आजारांबद्दल विचारलं, की आई-मावशीवर थांबू नका. आत्याला अंडाशयाचा कर्करोग झाला होता का, बाबांच्या आईला स्तनाचा होता का, कितव्या वर्षी, तेही सांगा.