घर बदलताना मधल्या दिवसांचं नेट: आधी आतल्या खोलीत दार लावून सिग्नल बघा

घर बदलायचं ठरलं की पॅकर्स, गॅस ट्रान्सफर, सोसायटीची एनओसी, भाडेकराराची नोंदणी हे सगळं कोणी ना कोणी आठवण करून देतं. नेटचं कोणी सांगत नाही. मोबाईल आहेच की, असं सगळे धरून चालतात. मीही धरलं होतं. कोथरूडहून पुनावळ्याला आलो तेव्हा नवीन फायबर लागायला 13 दिवस गेले आणि त्या 13 दिवसांत 20 तारीख आली. मी घरून जीएसटीची कामं करते. 20 तारीख म्हणजे 3बी, म्हणजे दर महिन्याचा जीएसटी रिटर्न, भरायचा शेवटचा दिवस. त्या दिवशी जे झालं ते पुन्हा होऊ द्यायचं नाही. पुढच्या महिन्यात आम्ही पुन्हा घर बदलतोय, म्हणून ही तयारी लिहून काढतेय.

सगळ्यात आधी, डोंगल घेण्याच्या, रिचार्ज करण्याच्या, कोणालाही फोन करण्याच्या आधी: नवीन घरात जा, जिथे बसून काम करणार आहात त्या खोलीत जा, दार लावा, खिडक्या लावा आणि मग फोनकडे बघा. गेटवरचा सिग्नल धरू नका. बाल्कनीतला तर मुळीच धरू नका. मी बाल्कनीत उभं राहून बघितलं होतं, भर दुपारी, सरकतं दार सताड उघडं. दांड्या पूर्ण, व्हिडिओ झटकन सुरू. त्या भरवशावर डोंगल घेतलं. सामान लागलं, टेबल आतल्या बेडरूममध्ये गेलं आणि तिथे फोनवर एक दांडी, तीही येऊन जाऊन. हल्लीच्या बऱ्याच इमारती मायव्हनच्या असतात. विटांची भिंत नसतेच, आतल्या पार्टिशनसकट सगळं सळई घातलेलं काँक्रीट. बाहेर टॉवर समोर दिसत असला तरी अशा दोन भिंती ओलांडताना सिग्नल मरतो. वरच्या मजल्यावर नेट चांगलं मिळतं ही समजूतही सोडा. टॉवरचे अँटेना खाली झुकवलेले असतात, आणि खूप उंचावर फोनला चार टॉवर एकदम दिसून गोंधळ होतो.

तपासायला फक्त दांड्या मोजू नका. अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये फोनच्या माहितीत सिमची स्थिती बघितली की सिग्नलचा उणे आकडा दिसतो. 4जीला उणे 90 च्या आसपास असेल तर काम होतं, उणे 110 च्या खाली गेला तर त्या खोलीत बसायचा विचार सोडा. एकदा विमान मोड लावून काढा, म्हणजे फोन नव्याने टॉवर शोधतो. एक फोन लावून पाच मिनिटं बोला. आणि हे रात्री 8 ते 10 मध्ये करा. दुपारी निम्मी सोसायटी ऑफिसात असते, टॉवर मोकळा असतो. रात्री घराघरांत मोबाईल सुरू होतात तेव्हा जो वेग मिळेल तोच तुमचा खरा वेग. किल्ली हातात आली नसेल तर घरमालकांकडे किंवा ब्रोकरकडे अर्ध्या तासासाठी मागा. लाजू नका, त्यांना यात काही जात नाही.

घरात प्रत्येकाचं सिम वेगळ्या कंपनीचं असेल तर सगळे फोन घेऊन जा. नसेल तर त्याच मजल्यावरच्या शेजाऱ्यांची बेल वाजवून विचारा, तुमच्या आतल्या खोलीत कुठल्या कंपनीचा फोन लागतो. वॉचमनकाकांना विचारून उपयोग नाही, ते दिवसभर उघड्यावर असतात, त्यांच्याकडे सगळंच लागतं.

हे झाल्यावर मग सिम. जे सिम त्या खोलीत चालतं तेच घ्या, स्वस्त कुठलं ते नंतर. नवीन सिम सामान हलवायच्या आठवडाभर आधी सुरू करून ठेवा. आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: ज्या नंबरवर बँकेचे आणि पोर्टलचे ओटीपी येतात ते सिम या काळात बदलून घेऊ नका. सिम बदललं की पहिले 24 तास एसएमएस बंद राहतात, फसवणूक टळावी म्हणून तसा नियमच आहे. पोर्ट करायचं असेल तर तेही आधीच उरका. त्याच सर्कलमध्ये (मोबाईल कंपन्यांच्या विभागात) पोर्ट व्हायला कामाचे 3 दिवस लागतात, आणि सिम बदलल्यापासून 7 दिवस पोर्ट करताच येत नाही.

डेटाचा हिशोब. रोज दीड किंवा 2 जीबीचा पॅक फोनला पुरतो, लॅपटॉपला नाही. एक तासाचा व्हिडिओ कॉल सहज 1 जीबीच्या आसपास खातो. 5जी अमर्याद असं जे म्हणतात ते 5जी फोनवर, 5जीचा सिग्नल मिळत असेल तरच. आतल्या खोलीत फोन 4जीवर घसरला की रोजच्या कोट्यातून कापलं जातं. पुन्हा तेच, आतली खोली! 4जी डोंगलला तर 5जीचा काही फायदाच नाही. लॅपटॉपवर डोंगलच्या किंवा फोनच्या वायफायला मीटर्ड कनेक्शन करून ठेवा, नाहीतर विंडोजचा अपडेट दोन तासांत दिवसाचा डेटा संपवतो. फोटोंचा बॅकअप बंद. मुलांच्या टॅबवरचा ऑटोप्ले बंद.

आता 20 तारखेचं सांगते, म्हणजे मी त्या खोलीच्या इतकी मागे का लागलेय ते कळेल. संध्याकाळी साडेसात वाजले होते, एका दुकानदार काकांचा रिटर्न शेवटच्या पानावर होता. ओटीपी त्यांच्या मोबाईलवर जातो, ते मला फोनवर वाचून दाखवतात, मी टाकते, दोन मिनिटांचं काम. काका म्हणाले, "ताई, घ्या लिहून, चार, सात, एक..." आणि फोन कट. मी लॅपटॉप उघडाच घेऊन दाराबाहेर पळाले. अकराव्या मजल्याच्या जिन्यात, आगीच्या नळाच्या लाल पेटीपाशी, खिडकीला टेकून उभं राहिलं की दोन दांड्या यायच्या. तिथे लॅपटॉप पायरीवर ठेवून पुन्हा ओटीपी मागवला. तोवर पोर्टलवर शेवटच्या दिवसाची गर्दी, पान फिरत राहिलं, सेशन संपलं. रात्री साडेबारापर्यंत जिन्यात बसले. बाकीचे सगळे झाले, काकांचा राहिला. 21 तारखेला भरला. दिवसाला 50 रुपये विलंब शुल्क, 25 केंद्राचे, 25 राज्याचे, वर भरायच्या कराच्या रकमेवर वर्षाला 18 टक्क्यांनी एका दिवसाचं व्याज. रक्कम मोठी नव्हती, मीच भरली. पण नऊ वर्षांत त्यांना एकदाही उशीर झाला नव्हता, आणि तो उशीर माझ्या हातून झाला. दार लावून बघायला मला दोन मिनिटं लागली असती.

म्हणून तारखाही बघा. तुमच्या कामात जो दिवस चुकवून चालत नाही, त्याच्या अलीकडे-पलीकडे आठवडाभर सामान हलवू नका. 11 आणि 20 या माझ्या रिटर्नच्या तारखा, तुमच्या वेगळ्या असतील. टेम्पोवाल्याची तारीख बदलता येते.

कायमच्या लाईनची चौकशी एकीकडे लगेच सुरू करा. सोसायटीच्या ऑफिसात विचारायचं की शाफ्टमधून कुठल्या कंपन्यांच्या वायरी आल्यात. फायबर उपलब्ध आहे एवढ्यावर थांबू नका, आपल्या मजल्यावरच्या पेटीत पोर्ट, म्हणजे वायर जोडायची जागा, रिकामा आहे का ते विचारा. आमच्याकडे कंपनी एकच होती आणि पेटी भरलेली, त्यातच ते 13 दिवस गेले. जुन्या कंपनीकडे शिफ्टिंगची सोय असेल तर 15 दिवस आधी कळवा. जुनं कनेक्शन मात्र नवीन चालू होईपर्यंत तोडू नका, एका महिन्याचं बिल जास्त गेलं तरी जाऊ द्या.

एअरफायबरचं, म्हणजे टॉवरवरून बिनवायरचं येणाऱ्या घरच्या नेटचं, लोक सुचवतात. चांगलं आहे, पण त्याची पेटी बहुतेक वेळा बाहेर भिंतीवर किंवा गच्चीवर लागते, सोसायटीची परवानगी लागते आणि बसवायला माणूस यावा लागतो. 15 दिवसांसाठी तो खटाटोप नको. घेतलंत तर महिन्याचाच प्लॅन घ्या, वर्षाचा नाही, आणि ब्रॉडबँडच्या जाहिरातीतल्या दरावर 18 टक्के जीएसटी वेगळा धरा.

शेजाऱ्यांचं वायफाय: मागायला हरकत नाही, त्यांना गेस्ट नेटवर्क लावून द्यायला सांगा. ते मिळालं तर फोनमध्ये वायफाय कॉलिंग चालू करा, नेटवर्क नसलेल्या खोलीतही फोन लागतो. हे मला तेव्हा माहीत असतं तर काकांचा फोन कट झाला नसता. कॅफेच्या वायफायवर बँक किंवा पोर्टल उघडू नका. जवळच्या को-वर्किंगमध्ये एका दिवसाचा पास मिळतो का ते आधीच विचारून नंबर सेव्ह करा.

हलवायच्या दिवशी: राउटर, त्याचा अडॅप्टर, लॅन केबल, एक्स्टेंशन बोर्ड, चार्जर, पॉवरबँक, सगळं एका पाठीवरच्या पिशवीत, आपल्याजवळ. टेम्पोत नाही. अडॅप्टरवर पट्टी चिकटवून नाव लिहा, घरात सगळे काळे अडॅप्टर सारखेच दिसतात. गुरुवारी पुण्यात दुरुस्तीसाठी वीज जाऊ शकते, फोन-लॅपटॉप बुधवारी रात्रीच चार्ज.

लाईन आली की जुनं कनेक्शन बंद, जुनं यंत्र परत, त्याचा सिरियल नंबर घातलेली पावती, डिपॉझिट. फोटो काढून ठेवा.

आणि आतली खोली अजून बघितली नसेल तर आज रात्री आठनंतर किल्ली मागून घ्या.