रेंज नसलेल्या मुलखात जगाच्या बातम्या: शॉर्टवेव्ह रेडिओ कसा वापरावा

स्पिती, लडाख किंवा मध्य आशियात महिनोन्‌महिने फिरताना मोबाइलवर विसंबून राहू नये. लडाखमध्ये तर बाहेरच्या राज्यांतली प्रीपेड सिम चालतच नाहीत, पोस्टपेड लागतं. सॅटेलाइट फोनचा विचार भारतात परवान्याशिवाय करूच नका, सरळ अटक होते. उरतो तो छोटा शॉर्टवेव्ह रेडिओ, म्हणजे हजारो किलोमीटरवरची स्टेशनं थेट पकडणारा. तो नीट वापरायला शिकलात तर बातम्या कुठेही मिळतात.

सेट डिजिटल ट्यूनिंगचाच घ्या. काटा फिरवायच्या सेटवर ९,४१० आणि ९,४२० किलोहर्ट्झ वेगळे ओळखताच येत नाहीत. टेक्सन पीएल-३३० हा खिशात मावणारा सेट प्रवासाला चांगला. त्यात बीएल-५सी बॅटरी लागते, म्हणजे जुन्या नोकियाची. ती आपल्याकडे लहान गावातल्या मोबाइल दुकानातही मिळते. एक जादा जवळ ठेवा. विमानात जादा बॅटरी आणि पॉवरबँक हातातल्या बॅगेतच न्यायची. १०० वॉट-अवरपर्यंत अडचण नसते. २०,००० एमएएचची पॉवरबँक साधारण ७४ भरते.

कुठला बँड, म्हणजे फ्रिक्वेन्सींचा कुठला पट्टा, कधी लावायचा, यातच बहुतेकांचं चुकतं. दिवसा सूर्यामुळे वातावरणाचा खालचा आयनित थर कमी फ्रिक्वेन्सीच्या लहरी गिळून टाकतो, रात्री तो विरतो. बँडचं नाव लहरीच्या लांबीवरून मीटरमध्ये असतं; मीटर कमी तितकी फ्रिक्वेन्सी जास्त. म्हणून दुपारी १९ आणि १६ मीटर, संध्याकाळी २५ आणि ३१, रात्री ४१ आणि ४९ मीटर. भर दुपारी ४९ मीटरवर शोधत बसलात तर नुसती खरखर ऐकू येईल आणि सेट बिघडला असं वाटेल.

स्टेशनांचं वेळापत्रक निघण्याआधी short-wave.info वरून बघून फोनमध्ये स्क्रीनशॉट काढून ठेवा. त्यातल्या वेळा यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असतात, त्यात साडेपाच तास मिळवले की भारतीय वेळ. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बहुतेक स्टेशनं फ्रिक्वेन्सी आणि वेळा बदलतात. प्रवास त्या तारखा ओलांडणार असेल तर वाटेत वायफाय मिळेल तिथे नवी यादी घ्या. बीबीसीची शॉर्टवेव्हवरची हिंदी सेवा ३१ जानेवारी २०२० ला बंद झाली, इंग्रजीचे काही तास अजून मिळतात. चायना रेडिओ इंटरनॅशनल जोरात लागतं, पण ते सरकारी आहे. एकच घटना दोन वेगळ्या देशांच्या स्टेशनांवर ऐकल्याशिवाय खरी धरू नये.

आता अँटेना. ६-७ मीटर पातळ, प्लॅस्टिकचं आवरण असलेली वायर घ्या. एका टोकाचं आवरण दोन सेंटिमीटर सोला, तांब्याच्या तारा पिळून क्रोकोडाइल क्लिपला (दातेरी चिमट्याला) जोडा आणि क्लिप सेटच्या अँटेनाच्या दांडीला लावा. दुसरं टोक खिडकीबाहेर झाडाला किंवा तंबूच्या दोरीला उंच बांधा. एकच स्टेशन डायलवर तीन-चार ठिकाणी ऐकू यायला लागलं तर सेटला सिग्नल झेपत नाहीये. वायर निम्मी करा किंवा क्लिप काढून नुसती दांडीजवळ लोंबकळू द्या. वीज कडकडायला लागली की वायर लगेच काढायची.

खोलीत सतत गुणगुण येत असेल तर दोष बहुधा चार्जरचा किंवा एलईडी दिव्याचा. सेट चार्जिंगवरून काढा, खोलीतली एकेक वस्तू बंद करत जा, तरीही गुणगुण थांबली नाही तर गच्चीवर जा. सिमेंटच्या इमारतीत आत बसून फार काही मिळत नाही.

गावात रेंज मिळाली की आकाशवाणीच्या न्यूजऑनएअरवरून मराठी प्रादेशिक बातम्यांचा ऑडिओ उतरवून घ्या, तो नंतर ऑफलाइन ऐकता येतो. सिग्नल कमी असेल तर lite.cnn.com उघडा. त्यावर नुसता मजकूर असतो, चित्रं नसतात, त्यामुळे टूजीवरही पान येतं. चीनला जाणार असाल तर व्हीपीएन, म्हणजे तिथे बंद असलेल्या साइट उघडून देणारं ॲप, इथूनच टाकून, एकदा चालवून बघा. तिथे पोचल्यावर तो डाउनलोड करणं फार अवघड जातं.