घरगुती पवनचक्की घेण्यापूर्वीची मोजमापे

पवनचक्कीची चौकशी सुरू करण्याआधी सर्व नोंदी एकाच पद्धतीत आणाव्यात: लांबी मीटरमध्ये, वाऱ्याचा वेग मीटर प्रति सेकंदात, क्षमता वॅटमध्ये आणि मिळणारी वीज किलोवॅट-तासांत, म्हणजे वीजबिलावरील युनिटमध्ये. आयात केलेल्या यंत्रांच्या पत्रकांत फूट आणि मैल आढळतात, तर हवामानाच्या बातम्यांत ताशी किलोमीटर. म्हणून फुटांना ०.३०५ ने, ताशी मैलांना ०.४५ ने गुणावे आणि ताशी किलोमीटरला ३.६ ने भागावे. ताशी १८ किलोमीटरचा वारा म्हणजे सेकंदाला ५ मीटर.

त्यानंतर आपल्या जागेवरचा वारा मोजावा, आणि या कामात घाई अजिबात करू नये. चेन्नईच्या राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्थेचे नकाशे प्रदेशाचा अंदाज देतात, परंतु ते मोठ्या पवनचक्क्यांच्या उंचीवरचे असल्याने त्यांतला आकडा आपल्या १५ मीटरच्या खांबाला लावता येत नाही. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीसारख्या पठारावरही पावसाळ्यातला जोरदार वारा पाहून वर्षाचा हिशेब मांडू नये. नियोजित उंचीवर वायुवेगमापक बसवून शक्यतो वर्षभर नोंदी घ्याव्यात. वार्षिक सरासरी ४ मीटर प्रति सेकंदाच्या आसपासच राहत असेल, तर तो पैसा सौर पॅनेलवर खर्च करणे अधिक शहाणपणाचे, असे माझे स्पष्ट मत आहे.

यंत्र निवडताना पेटीवरच्या वॅटपेक्षा पात्यांच्या वर्तुळाचा व्यास आधी विचारावा. २ मीटर व्यासाचे वर्तुळ ३.१४ चौरस मीटर वारा अडवते. ५ मीटर प्रति सेकंद वेगाच्या वाऱ्यात तेवढ्या क्षेत्रातून सुमारे २३५ वॅट शक्ती वाहते, आणि त्यातली ३० टक्के हाती आली तरी ती जेमतेम ७० वॅट, म्हणजे तो वारा दिवसभर टिकल्यास १.७ युनिट होते. वेग दुप्पट झाला तर शक्ती आठपट होते, त्यामुळे हीच चक्की १२ मीटर प्रति सेकंदाला सुमारे १००० वॅट देते आणि विक्रेता नेमका तोच आकडा ठळक छापतो. व्यास दुप्पट केल्यास क्षेत्र चौपट होते, हेही किंमत पडताळताना ध्यानात ठेवावे. उंच पठारावर हवा विरळ असते. सुमारे ११०० मीटर उंचीवर हिशेबातून दहा टक्के वजा करावेत.

खांबाची उंची ठरवताना १५० मीटरच्या परिसरातील सर्वांत उंच झाड किंवा इमारत मोजून पात्यांचे खालचे टोक त्याहून किमान ९ मीटर वर राहील असे पाहावे. गच्चीवर चक्की बसवण्याचा मोह टाळावा, कारण तिथला वारा भोवऱ्यांचा असतो आणि कंपने थेट स्लॅबमध्ये उतरतात.

बॅटरी, तारेची जाडी चौरस मिलिमीटरमध्ये, वादळातला ब्रेक आणि देखभालीसाठी आडवा करता येणारा खांब यांची नोंद दरपत्रकातच मागावी. ५०० वॅटसाठी २४ व्होल्टवर सुमारे २१ अँपिअर प्रवाह लागतो, ४८ व्होल्टवर त्याच्या निम्मा. प्रवाह कमी असला की लांब तारेत वाया जाणारी वीजही कमी होते, म्हणून खांब घरापासून दूर असेल तर ४८ व्होल्टची जोडणीच घ्यावी. शेवटी, वार्षिक सरासरी ५ मीटर प्रति सेकंद असताना वर्षाला किती युनिट मिळतील, हे विक्रेत्याकडून लेखी घेतल्याशिवाय आगाऊ रक्कम देऊ नये.