जुन्या पीसीवर प्रॉक्समॉक्स: व्हीएम आणि कंटेनर स्वतःच्या हाताने शिका

व्हीएम (पीसीच्या आत चालणारा दुसरा, आभासी पीसी) आणि कंटेनर (आभासी पीसी न बनवता वेगळा ठेवलेला छोटा लिनक्स) शिकायचेत म्हणून नुसते व्हिडिओ बघत बसलात तर डोक्यात काही राहत नाही. घरात जुना ६४ बिट पीसी पडला असेल तर तो घ्या, ८ जीबी रॅम सुरुवातीला पुरते, आणि त्यावर प्रॉक्समॉक्स टाका, म्हणजे व्हीएम आणि कंटेनर चालवणारी ऑपरेटिंग सिस्टिम. डेबियन या लिनक्सवर बांधलेलं आहे, ओपन सोर्स आहे, २००८ पासून चालू आहे आणि केव्हीएमच्या व्हीएम नि एलएक्ससीचे कंटेनर (केव्हीएम, एलएक्ससी ही लिनक्समधली त्यासाठीची तंत्रं) दोन्ही एकाच स्क्रीनवरून सांभाळता येतात, शिकायला मला तरी यापेक्षा चांगलं काही सापडलेलं नाही.

आधी बायोसमधे व्हर्च्युअलायझेशन चालू करा, इंटेलला व्हीटी-एक्स आणि एएमडीला एसव्हीएम. इन्स्टॉल करताना डिस्क पूर्ण पुसली जाते, त्यामुळे जुने फोटोबिटो काढून घ्या. वायफाय नको, सरळ लॅन केबल लावा, कारण वायफायवर ब्रिज (व्हीएम-कंटेनरना घरच्या नेटवर्कशी जोडणारा आभासी स्विच) नीट चालत नाही. फाइलसिस्टिम ईएक्सटी४ आहे तीच ठेवा, झेडएफएस रॅम खातं. इन्स्टॉल झालं की दुसऱ्या लॅपटॉपच्या ब्राउझरमधे एचटीटीपीएस, मग त्या पीसीचा आयपी आणि पोर्ट ८००६, युजर रूट, म्हणजे मुख्य ॲडमिन. सबस्क्रिप्शन नाही असा मेसेज येतो, येऊ दे, फक्त एंटरप्राइज रिपॉझिटरी (पैसे भरणाऱ्यांसाठीचा अपडेटचा साठा) बंद करून नो-सबस्क्रिप्शन वाली चालू करा नाहीतर अपडेट अडकतात.

आता खरा अभ्यास. लोकल स्टोरेजमधून डेबियनचं टेम्प्लेट (तयार साचा) उतरवा, ५१२ एमबी रॅमचा एक कंटेनर बनवा, काही सेकंदात चालू होतो, आणि त्याच्या कन्सोलमधे 'युनेम -आर' (uname -r, कर्नल म्हणजे सिस्टिमचा गाभा कोणता ते सांगते) टाका. उत्तराच्या शेवटी 'पीव्हीई' (pve) दिसेल, म्हणजे हा कर्नल प्रॉक्समॉक्सचाच आहे, कंटेनरचा स्वतःचा नाहीच! मग डेबियनची एक व्हीएम बनवून तीच कमांड तिथे चालवा, तिथे तिचा स्वतःचा कर्नल दिसतो. हे एकदा डोळ्यांनी बघितलं की बाकीचं आपोआप उलगडतं: कंटेनर इतका हलका का, त्यात विंडोज का चालत नाही, कर्नल मॉड्यूल हवं असेल तर व्हीएमच का लागते. अजून एक बघा, कंटेनर अनप्रिव्हिलेज्ड (कमी अधिकारांचा) असेल तर आतला रूट होस्टवर, म्हणजे बाहेरच्या प्रॉक्समॉक्सवर, १००००० नंबरचा साधा युजर असतो, होस्टवर प्रोसेसची यादी काढलीत की तोच आकडा दिसेल. म्हणून कंटेनर बनवताना 'अनप्रिव्हिलेज्ड'ची टिक काढू नका.

छोटा वेबसर्व्हर, पाय-होल (जाहिराती अडवणारं सॉफ्टवेअर) असलं काही कंटेनरमधे टाका. डॉकर (एकेक ॲप कंटेनरमधे चालवणारं वेगळं सॉफ्टवेअर) चालवायचं असेल तर व्हीएममधे, प्रॉक्समॉक्सवाले पण तेच सांगतात. व्हीएमला डिस्क आणि नेटवर्क व्हर्टआयओ (व्हीएमसाठीच बनवलेला वेगवान प्रकार) द्या, विंडोज असेल तर ड्रायव्हरची आयएसओ सोबत जोडा, नाहीतर इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नाही. आणि जे कायम चालू हवं त्याला 'स्टार्ट ॲट बूट' लावा, लाईट जाऊन आल्यावर पीसी चालू झाला की ते आपोआप चालू होतं, एकेक हाताने चालू करावं लागत नाही.

स्नॅपशॉट (मागे परतता यावं म्हणून टिपलेली त्या क्षणाची अवस्था) म्हणजे बॅकअप नाही, हे मी डिस्क गेल्यावर शिकलो. रोज स्नॅपशॉट घ्यायचो आणि निवांत झोपायचो, सगळे त्याच डिस्कवर होते, सगळे गेले. अपडेटच्या आधी स्नॅपशॉट जरूर घ्या, पण बॅकअप वेगळ्या डिस्कवर किंवा नॅसवर (नेटवर्कवरच्या स्टोरेजवर). डिफॉल्ट 'लोकल' स्टोरेज पण त्याच डिस्कवर असतं हे लक्षात ठेवा!

आणि बॅकअप झाला म्हणून थांबू नका, रिस्टोअर करून बघा. कंटेनर १०१ असेल तर १११ या नव्या आयडीवर, 'युनिक'ची टिक लावून, म्हणजे मॅक ॲड्रेस (नेटवर्क कार्डचा ओळख नंबर) वेगळा मिळतो. आयपी स्टॅटिक (हाताने ठरवून दिलेला) असेल तर आधी १०१ बंद करा, मगच १११ चालू करा, नाहीतर दोघे एकाच आयपीवर येतात आणि चूक कुठे आहे ते शोधण्यात संध्याकाळ जाते.