पहिल्यांदाच मेथडिस्ट चर्चला जाताय? मग एवढी तयारी करून जा

मेथडिस्ट हा प्रोटेस्टंट ख्रिश्चनांचा एक पंथ. आदल्या दिवशीच चर्चची वेबसाइट किंवा फेसबुक पेज उघडून उपासनेची वेळ बघून ठेवा, आणि नुसती वेळ नाही तर कुठली उपासना कितीला आहे तेपण बघा, कारण काही चर्चमध्ये एक पारंपरिक असते, ऑर्गन, कॉयर (गाणाऱ्यांचा गट), गीतपुस्तक वगैरे, आणि दुसरी गिटार-ड्रम्सवाली, आणि दोन्हीचा माहोल अगदी वेगळा. जुन्या उपासनेचा व्हिडिओ टाकलेला असेल तर थोडा बघून घ्या, अर्धी धाकधूक तिथेच कमी होते. शिवाय या रविवारी प्रभुभोजन (येशूच्या आठवणीत भाकरी आणि द्राक्षरस घेण्याचा विधी) आहे का तेपण तपासा. बऱ्याच मेथडिस्ट चर्चमध्ये ते महिन्याच्या पहिल्या रविवारी असतं, सगळीकडे असंच असतं असं नाही. नवीन माणसाला टेन्शन येतं ते बहुतेक त्याचंच, म्हणून त्यावर खाली जरा जास्त लिहिलंय.

कपड्यांचा फार विचार करू नका, साधे नीटनेटके पुरे. बायबल घरी असेल तर न्या, नसेल तर मुद्दाम विकत घेऊ नका, तिथे बाकावर असतं नाहीतर स्क्रीनवर वचन दिसतं. मोबाइल सायलेंटवर. लहान मुलं बरोबर असतील तर संडे स्कूल (मुलांचा बायबलचा वर्ग) किती वाजता, कुठल्या खोलीत, हे आधीच विचारून ठेवा, मुलं मध्येच उठून जातात की सुरुवातीपासून वेगळी बसतात हे प्रत्येक चर्चचं वेगळं असतं.

दहा-पंधरा मिनिटं आधी पोचा. दारात कोणीतरी स्वागताला उभं असतं आणि हातात एक छापील कागद देतं, तो जपून ठेवा, त्यात उपासनेचा सगळा क्रम असतो, आणि जे ठळक अक्षरात छापलंय ते सगळ्यांनी मिळून म्हणायचं असतं. बसायला मधली किंवा मागची ओळ बरी. पुढे बसलात तर लोक कधी उठतात कधी बसतात हे कळायला सारखं मागे वळून बघावं लागतं! उभं राहायला जमत नसेल तर बसून राहिलात तरी चालतं, कोणी काही म्हणत नाही.

गाण्याची मात्र मनाची तयारी करून जा कारण मेथडिस्ट लोक गातात, म्हणजे खरंच गातात. या चळवळीची सुरुवात १८व्या शतकात इंग्लंडमध्ये जॉन आणि चार्ल्स वेस्ली या भावांनी केली, त्यातल्या चार्ल्सने हजारो गीतं लिहिली, आणि जॉनने १७६१ मध्ये गाण्याचे चक्क नियम छापले: सगळ्यांनी गा, जोरात गा, पण ओरडू नका, तालाच्या पुढे पळू नका आणि मागे रेंगाळू नका. (कॉयरवाल्यांना आजही हे वाचून दाखवायला हरकत नाही.) भिंतीवर बोर्डवर जे आकडे दिसतात ते बहुतेक गीतांचे नंबर असतात, पानांचे नाही, नवीन माणूस नेमका इथेच गोंधळतो. चाल माहीत नसेल तर पहिलं कडवं ऐका आणि दुसऱ्यापासून हळू आवाजात जॉइन व्हा, आणि नुसतं उभं राहून शब्द वाचलेत तरी काही बिघडत नाही.

बाकी क्रम साधारण असा: प्रार्थना, बायबलमधले एक-दोन उतारे, मग संदेश म्हणजे प्रवचन, आणि कुठेतरी प्रभूची प्रार्थना, म्हणजे येशूने शिकवलेली प्रार्थना. ती तोंडपाठ करायचीच असं काही नाही, पण एकदा वाचून गेलात तर बरं वाटतं. जॉन वेस्ली शेवटपर्यंत अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या अधिकृत चर्चचा, धर्मगुरूच होता, त्यामुळे अँग्लिकन चर्च पाहिलेल्याला बरंच ओळखीचं वाटेल. संदेश देणारी व्यक्ती पाळकच (चर्चचा धर्मगुरू) असेल असं नाही, प्रशिक्षण घेतलेले साधे सभासदही देतात, आणि पाळक बाई असल्या तर दचकू नका, अमेरिकेतल्या मेथडिस्टांनी १९५६ मध्येच महिलांना पाळकपदाचे पूर्ण हक्क दिलेत. मध्येच सगळे उठून एकमेकांना ‘शांती असो’ म्हणत हात मिळवायला लागले तर तुम्हीही मिळवा, किंवा नुसतं हसून मान डोलवा.

आता प्रभुभोजन. घ्यायचं की नाही हे घरीच ठरवून जा, तिथे रांग पुढे सरकत असताना ठरवायला गेलात की घामच फुटतो. बऱ्याच मेथडिस्ट चर्चमध्ये सभासद नसलेल्यांनाही बोलावतात, पण आधी पाळक आमंत्रण देतात ते नीट ऐका, कोणाला बोलावलंय ते त्यातच कळतं. घ्यायचं असेल तर ओंजळ पुढे करा, भाकरीचा तुकडा देतात, मग तो प्याल्यात बुडवायचा असतो किंवा छोटा कप मिळतो, काही ठिकाणी पुढच्या कठड्यापाशी गुडघे टेकतात, पुढचा माणूस करेल तसं करायचं. प्याल्यात दारू असेल का ही शंका असेल तर बहुतेक मेथडिस्ट चर्चमध्ये साधा द्राक्षाचा रसच असतो. १८६९ मध्ये थॉमस वेल्च नावाच्या मेथडिस्ट डेंटिस्टने रस आंबू नये म्हणून तो पाश्चराइज केला तोच मुळी प्रभुभोजनासाठी, बाजारातला वेल्चचा रस तिथूनच आलाय. गव्हाची ॲलर्जी असेल तर सुरू होण्याआधी विचारा. घ्यायचं नसेल तर जागेवर बसून राहा, अगदी बिनधास्त, माझं मत विचाराल तर पहिल्या वेळी हेच सोपं. काही चर्चमध्ये छातीवर हातांची फुली करून पुढे गेलं तर नुसता आशीर्वादही देतात.

अर्पणाची थाळी फिरते तेव्हा पाहुण्याकडून कोणी अपेक्षा धरत नाही, पुढे सरकवून द्या. द्यावंसं वाटलंच तर सुट्टे पैसे आधीच वरच्या खिशात ठेवा, म्हणजे पाकीट चाचपत बसायला नको.

संपल्यावर बऱ्याच ठिकाणी चहा-कॉफी असते आणि लोक येऊन नाव विचारतात. पाहुण्यांचं कार्ड पुढे आलं तर भरलंच पाहिजे असं नाही, आणि भरलंत तरी फोन नंबरची जागा रिकामी सोडता येते.